कागदावरचा नियम आणि हातातली सुरी

कर्करोगावर कोणत्या टप्प्यात कोणते उपचार करावेत, याची लिखित मार्गदर्शक तत्त्वे आता आपल्या देशातही तयार होतात. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ हे रुग्णालयांचे जाळे उभे राहिले. त्यातील तज्ज्ञ एकत्र बसून, उपलब्ध पुरावा तपासून नियम ठरवतात. हे नियम कोणाही डॉक्टरला विनामूल्य वाचता येतात. म्हणजे परळच्या टाटा रुग्णालयातील सर्जनला जे ठाऊक आहे, ते अलिबागच्या, बार्शीच्या किंवा गडचिरोलीच्या सर्जनलाही ठाऊक होऊ शकते. मग प्रश्न सुटला असे म्हणायचे का?

बरेच जण तसे म्हणतात. ‘नियम छापलेले आहेत, आता डॉक्टरांनी ते पाळले की झाले’, असा हा समज आहे. नियम पाळला गेला नाही की दोष डॉक्टरच्या आळसाला, नाही तर लोभाला दिला जातो. आळस आणि लोभ जगात नाहीत असे नव्हे. पण कर्करोगाच्या शस्त्रक्रियेबाबत हा समज फार अपुरा आहे, असे उपलब्ध अभ्यास सांगतात. शिक्षकांना तर तो लगेच ओळखू येईल. ‘विज्ञान प्रयोगांतून शिकवावे’ असे परिपत्रक शाळेत येते. ते सगळे वाचतात, सह्याही करतात. पण ज्या शिक्षकाने स्वतः विद्यार्थी असताना परीक्षानळी हातात धरलेली नाही, त्याच्या वर्गात त्या परिपत्रकाने काय बदलते?

मांडव्याचे एक कल्पित उदाहरण घेऊन पुढे जाऊ. मांडवा हे रायगड किनाऱ्यावरचे बंदर. गेटवेवरून येणाऱ्या लाँची साधारण तासाभरात येथे पोचतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून आणणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात आणि रस्त्याने जायचे तर धरमतरच्या खाडीला मोठा वळसा पडतो. समजा, मांडव्याजवळच्या एका वाडीतल्या पन्नाशीच्या बाईंच्या जिभेच्या कडेला दोन महिने झाले तरी न भरणारी जखम आहे. मशेरी लावण्याची सवय लहानपणापासूनची. जवळच्या मोठ्या गावी सर्जनने तुकडा काढून तपासायला पाठवला आणि कर्करोग असल्याचे कळले. गाठ लहान आहे, मानेत हाताला काहीही लागत नाही. आता काय करायचे?

जिभेवरची गाठ काढायची, याबद्दल कोणाचे दुमत नाही. प्रश्न आहे तो मानेचा. तोंडाचा कर्करोग पसरतो तो प्रथम मानेतील लसिकाग्रंथींमध्ये, आणि सुरुवातीला हा प्रसार हाताला लागत नाही. त्या ग्रंथी गाठीबरोबरच काढाव्यात, की त्या सुजल्या तरच काढाव्यात? यावर अनेक दशके वाद होता. तो बऱ्याच अंशी मिटवणारा अभ्यास मुंबईतच झाला. टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक वाटणी केली. एका गटात मानेच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, दुसऱ्या गटात त्यांवर लक्ष ठेवले आणि गरज पडली तेव्हा काढल्या. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८०.० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. फरक साडेबारा टक्क्यांचा. म्हणजे आठ रुग्णांची मान पहिल्याच वेळी साफ केली, तर त्यांतला एक मृत्यू टळतो. या आकड्याने जगभरच्या नियमपुस्तिकांना आधार दिला.

एवढा स्पष्ट पुरावा असला तरी त्याची समीक्षा करायला हवी. पहिली गोष्ट, या ५०० पैकी ४२७ रुग्णांचा कर्करोग जिभेचा होता, गालाच्या आतील अस्तराचा फक्त ६८ जणांचा. तंबाखू गालात धरून ठेवणाऱ्यांच्या आपल्या देशात गालाचा कर्करोग खूप आढळतो, म्हणून हा निष्कर्ष गालाला लावताना थोडे जपून बोलावे लागते. दुसरी गोष्ट, अगदी उथळ गाठींमध्ये हा फायदा स्पष्ट दिसला नाही. तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. हा सारा अभ्यास एकाच रुग्णालयात झाला, आणि ते रुग्णालय म्हणजे या शस्त्रक्रिया रोज करणाऱ्यांचे. ‘आठांत एक’ हा आकडा मानेच्या शस्त्रक्रियेचा तर आहेच, पण तो त्या विशिष्ट हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेचा आहे. नियमपुस्तिकेत तो आला की हात गळून पडतात, आणि उरते एक वाक्य : ‘मानेतील ग्रंथी काढाव्यात.’

हे वाक्य अमलात आणायचे म्हणजे काय करायचे? जबड्याच्या खालून गळ्यापर्यंत त्वचा उचलायची. खालचा ओठ हलवणारी बारीक नस सांभाळायची. खांदा उचलणारी नस सांभाळायची, नाहीतर बाईंना पुढे डोक्यावर हंडा घेता येणार नाही, केसही विंचरता येणार नाहीत. मोठ्या नीलेवरून चरबी आणि ग्रंथींचा पट्टा सलग सोलून काढायचा, तुकड्यातुकड्याने नव्हे. हे वाचून येत नाही. कोणीतरी करताना पाहावे लागते, त्याच्या हाताखाली करावे लागते, आणि मग त्याच्या नजरेसमोर स्वतः करावे लागते. जो सर्जन हे शिकलेला नाही, त्याने नियम वाचूनही मानेला हात लावला नाही, तर त्याला बेजबाबदार म्हणायचे, की जबाबदार?

येथे नियमांचे तीन प्रकार वेगळे करणे उपयोगी ठरेल. काही नियम पाळायला माहिती पुरते. उदाहरणार्थ, टाटाचेच डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी भारतातील अनेक केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्तनातील गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती भूल देण्याचे साधे, स्वस्त औषध टोचले, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले, असे त्यात दिसले. या निष्कर्षाची इतरत्र पडताळणी व्हायला हवी, हे खरे. पण तो स्वीकारायचा ठरला तर कोणाही सर्जनला नवे कौशल्य शिकावे लागणार नाही. दुसऱ्या प्रकारच्या नियमांना हात लागतो, जसा मानेच्या शस्त्रक्रियेला. तिसऱ्या प्रकारच्या नियमांना सोबत लागते. काढलेला भाग नीट तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ, किरणोपचार करणारा, औषधे देणारा, आणि या सगळ्यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत. नियमपुस्तिका या तिन्ही प्रकारांना एकाच आवाजात, एकाच आज्ञार्थात लिहितात. ‘काय करावे’ हे त्यांत तपशीलाने असते; ‘कोणत्या शिक्षणाच्या हातांनी करावे’ हे बहुधा नसते. अशा पुस्तिकांवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

मग सर्जनच्या प्रशिक्षणाने खरोखर किती फरक पडतो? या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर स्कॉटलंडमधून येते. पश्चिम स्कॉटलंडमध्ये १९८० ते १९८८ या काळात स्तनाचा कर्करोग झालेल्या ३७८६ स्त्रियांची माहिती गिलिस आणि होल या संशोधकांनी तपासली. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. विशेषज्ञ सर्जनांकडे उपचार झालेल्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ९ टक्क्यांनी आणि दहा वर्षांनी ८ टक्क्यांनी जास्त होते. वय, गाठीचा आकार, आर्थिक-सामाजिक स्थिती वगैरे जमेस धरूनही मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी भरला.

आकडे प्रभावी आहेत. परंतु येथे चिठ्ठी टाकलेली नव्हती. कोणती स्त्री कोणाकडे गेली, हे तिचे घर, तिचा डॉक्टर आणि तिची ऐपत यांनी ठरवले. संशोधकांनी या गोष्टींचा हिशेब केला, पण ज्या गोष्टी नोंदलेल्याच नसतात त्यांचा हिशेब कसा करणार? हा दोष अशा सर्वच निरीक्षणात्मक अभ्यासांत असतो. म्हणून ‘विशेषज्ञाकडे गेल्यानेच आयुष्य वाढले’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

या अभ्यासाचा वापर करणारे दुसरी एक गोष्ट सहसा लक्षात घेत नाहीत. ‘विशेषज्ञ’ कोणाला म्हटले होते? जास्त पदव्या असणाऱ्याला नव्हे. ज्याचा स्तनविकारांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग होता, विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोगतज्ज्ञ यांच्याशी ज्याचा ठरलेला संबंध होता, जो वैद्यकीय चाचण्यांत सहभागी होत असे आणि जो आपल्या रुग्णांची स्वतंत्र नोंद ठेवत असे, तो विशेषज्ञ. ही चार लक्षणे कामाच्या पद्धतीची आहेत, भिंतीवर टांगायच्या प्रमाणपत्राची नव्हेत. ‘पदवी मोठी म्हणून निकाल चांगला’ हा निष्कर्ष या अभ्यासातून निघत नाही, तरी तो काढला जातो.

पदवी आणि प्रशिक्षण यांना एकच मानण्याचा धोका इतिहासातही दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या विल्यम हालस्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जगभरच्या सर्जनांच्या पिढ्या ती उत्तम रीतीने करायला शिकल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी चाचण्या सुरू केल्या. लहान गाठींमध्ये फक्त गाठ काढून, स्तन राखून, पुढे किरणोपचार दिले तरी आयुर्मान तेवढेच राहते, हे त्यांतून १९८० च्या दशकात दिसून आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनीही तेच सांगितले. तरीही हा नियम सावकाश आणि सगळीकडे सारख्या वेगाने न पसरता रुजला. ज्यांचे शिक्षण पक्के झालेले होते त्यांनाच जुने सोडणे जड गेले, यात नवल नाही. उत्तम प्रशिक्षण हे कालच्या नियमाचे उत्तम प्रशिक्षण असते. म्हणून ते एकदा घेऊन संपत नाही.

प्रशिक्षणाचा परिणाम वेगळा काढून दाखवणारे उदाहरण स्टॉकहोमचे आहे. गुदाशयाच्या कर्करोगात गाठ काढल्यावर ती त्याच जागी पुन्हा उद्भवणे ही मोठी आपत्ती होती. इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी दाखवले, की गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण न फाडता, डोळ्यांनी नीट पाहत, अख्खे काढले तर ही आपत्ती बरीच टळते. १९९४ च्या सुमारास स्टॉकहोम परगण्यातील सर्जनांसाठी कार्यशाळा झाल्या आणि शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आल्या. त्यानंतर १९९५ आणि १९९६ मध्ये झालेल्या शस्त्रक्रियांचे निकाल मार्टलिंग व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केले. आधीच्या दोन चाचण्यांत गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण १५ व १४ टक्के होते, ते ६ टक्क्यांवर आले. पोटावर कायमचे मलद्वार करावे लागणारी शस्त्रक्रिया ६० व ५५ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आली. आणि ही घट एखाद्या नामांकित रुग्णालयातली नव्हती, तर सबंध परगण्यातली होती. सर्जन तेथलेच होते. हात नव्याने शिकवले होते.

येथेही समीक्षकाने एक डोळा उघडा ठेवावा. तुलना आधीच्या काळाशी आहे. दरम्यान तपासण्या, भूल आणि शुश्रूषा यांतही काही सुधारणा झाली असेल. तरीही एवढ्या थोड्या वर्षांत एवढी मोठी घट फक्त काळाच्या ओघाने झाली असे म्हणणे कठीण आहे.

आणि सोबतीचे काय? याचे उत्तर पुन्हा स्कॉटलंडने दिले. १९९५ साली ग्लासगो परिसरात स्तनाच्या कर्करोगाचे निर्णय वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून घेण्याची पद्धत सुरू झाली. शेजारच्या भागांत ती नव्हती. केसन व सहकाऱ्यांनी १३,७२२ स्त्रियांची माहिती तपासून २०१२ साली लिहिले, की बदलापूर्वी ग्लासगोमध्ये या रोगाने होणारे मृत्यू शेजारच्या भागांपेक्षा ११ टक्के जास्त होते, बदलानंतर ते १८ टक्के कमी झाले. येथे ‘आधी आणि नंतर’ याबरोबर ‘येथे आणि शेजारी’ अशी दुहेरी तुलना आहे, म्हणून हा पुरावा १९९६ च्या अभ्यासापेक्षा अधिक भरवशाचा.

आता मांडव्याच्या बाईंकडे येऊ. आपल्याकडे एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांत एम.एस. होणारा सर्जन अपेंडिक्सपासून हर्नियापर्यंत आणि अपघातापासून मधुमेही पायापर्यंत सगळे शिकतो. कर्करोगशस्त्रक्रियेची एम.सीएच. ही पदवी त्यानंतर आणखी तीन वर्षांची. ती देशात प्रथम १९८४ साली चेन्नईच्या अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. असे तज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी कर्करोगाच्या रुग्णाला पहिली भेट होते ती सर्वसाधारण सर्जनची, कान-नाक-घसा तज्ज्ञाची किंवा दंतवैद्याची. पहिली सुरीही बरेचदा त्यांचीच असते. आणि कर्करोगात पहिल्या सुरीला फार महत्त्व आहे. अर्धवट काढलेली गाठ पुन्हा नीट काढताना कडा कुठे होत्या हेच कळत नाही. पहिली संधी गेली की ती त्याच रूपात परत येत नाही.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे ‘सगळ्यांना मुंबईला पाठवा’. मांडव्याहून परळ नकाशावर जवळ आहे. रायगड जिल्ह्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची शाखाही आहे. पण उपचार म्हणजे एक फेरी नव्हे. तपासण्या, शस्त्रक्रिया, किरणोपचाराचे आठवडे आणि पुढची काही वर्षे तपासणीसाठी येणेजाणे. रोजची मजुरी किंवा मासळीविक्री बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, पावसाळ्यातही. शिवाय महाराष्ट्रातील प्रत्येक गाठ परळलाच काढायची ठरवली, तर तेथली रांग किती लांबेल याचा विचार कोणी करायचा? आणि ‘मानेवर लक्ष ठेवू, गरज पडली तर काढू’ हा पर्याय तर अशा बाईंसाठी सर्वांत वाईट. ज्यांना तपासणीला परत येणे अवघड, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?

उलट टोकाचा उपाय, म्हणजे ‘नियम पाठवले आहेत, प्रत्येकाने जागच्या जागी पाळावेत’, हाही तेवढाच घातक आहे. कारण न शिकलेल्या हाताने पाळलेला नियम हा नियम पाळणे नव्हे.

वाट या दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि वर पाहिलेले अभ्यासच ती दाखवतात. माहितीचे नियम सर्वांनी पाळावेत : संशय असेल तर गाठ कापून काढू नये, छोटा तुकडा तपासावा, निकाल येईपर्यंत थांबावे. एवढे एक पथ्य पाळले तरी पहिली सुरी वाया जाणार नाही. हाताचे नियम ज्यांना शिकवायचे ते सर्जन निवडावेत आणि त्यांना स्टॉकहोमप्रमाणे करून दाखवून, करवून घेऊन शिकवावे. व्याख्यान आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र यांनी ते काम होत नाही. सोबतीचे नियम दूरसंपर्काने पाळता येतात. अलिबागच्या रुग्णाचे कागद मुंबईच्या तज्ज्ञांसमोर ठेवायला आता बोट लागत नाही. आणि प्रत्येक सर्जनने आपल्या रुग्णांची नोंद ठेवावी. किती जणांची गाठ परत आली, किती जण पुढे आलेच नाहीत? ज्याला आपला निकाल माहीत नाही, त्याला आपण नियम पाळतो की नाही हेही माहीत नसते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हे अभ्यास वाचायला द्यावेत. ८०.० आणि ६७.५ यांतून ‘आठांत एक’ कसे निघते, हे त्यांना काढू द्यावे. मग विचारावे : स्कॉटलंडच्या १९९६ च्या अभ्यासात चिठ्ठी का टाकली नव्हती? टाकता आली असती का? रुग्णाला ‘तुला कमी शिकलेला सर्जन मिळाला’ असे सांगता येईल का? स्टॉकहोममध्ये शेजारच्या परगण्याशी तुलना केली असती तर काय बरे झाले असते? या प्रश्नांतून त्यांना वैज्ञानिक पद्धत जेवढी कळेल, तेवढी व्याख्या पाठ करून कळणार नाही.

आणि त्यांच्या घरी कोणाच्या तोंडात न भरणारी जखम असेल, तर ‘डॉक्टर कोणत्या पदवीचे’ याच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारायला त्यांना शिकवावे : ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षात किती वेळा करता? मानेचे काय करणार? निर्णय तुम्ही एकटे घेणार, की कोणाबरोबर? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. त्यांची उत्तरे त्याच्याकडे आधीच तयार असतात.